आजचं चिंतन : थंडी, दव आणि बंद बटण (गीता २.१४)



आज आपण भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकापाशी आलो. श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल, म्हणून फक्त भावार्थ सांगतो. भगवंत अर्जुनाला म्हणतात, इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-उष्णता आणि सुख-दुःख जाणवणारच. पण ही सगळी येणारी-जाणारी आहेत, मुक्कामाला राहणारी नाहीत. तू ती सोस.

गंमत बघा. याच्या आधीच्या दोन श्लोकांत विषय केवढा मोठा चाललाय! आपण पूर्वी नव्हतो असं नाही, पुढे नसू असंही नाही. बालपण, तारुण्य, म्हातारपण यावं तसा पुढचा देह येतो. आणि तिथून भगवंत एकदम कुठे उतरतात, तर थंडी वाजण्यावर. आत्म्याचं अमरत्व ऐकताना आपण माना डोलावतो, पण पहाटे गार पाण्याची आंघोळ म्हटली की सगळं ज्ञान गोधडीत शिरतं. भगवंतांना आपली नस बरोबर ठाऊक आहे. थंडी-उष्णतेची ही जोडी गीतेत पुढेही येते, सहाव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात आणि बाराव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात. बारावा अध्याय म्हणजे भक्तियोग. म्हणजे हा विषय फक्त ज्ञानी लोकांचा नाही, तुमच्या-माझ्यासारख्या भक्तांचाही आहे.

आता अडचण येते ती ‘सोस’ या शब्दाशी. या सोसण्याला शास्त्रात तितिक्षा म्हणतात. वेदान्तात साधकाच्या ज्या सहा संपत्ती सांगितल्यात, त्यांतली ही एक. आपण तिचे दोन चुकीचे अर्थ लावतो. एक, काही वाटूनच घ्यायचं नाही, दगड व्हायचं. दोन, हातावर हात ठेवून बसायचं, जे होईल ते होईल. दोन्ही अर्थ या श्लोकात नाहीत. मला हे सगळ्यात नीट उमगलं ते एका कॉम्प्युटरमुळे. पेशाच असा आहे, त्यामुळे दृष्टान्तही तिथलेच सुचतात, सांभाळून घ्या.

माझा धाकटा मावसभाऊ अमेरिकेत असतो. गेल्या जानेवारीत नोकरी बदलली म्हणून तो मॅडिसनहून मिनियापोलिसला राहायला गेला. अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. भाड्याच्या ट्रकमध्ये सामान भरलं, पण नव्या घराची किल्ली दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होती, म्हणून ट्रक रात्रभर बाहेरच उभा राहिला. अशा ट्रकच्या मागच्या भागाला हीटर नसतो. रात्रीचं तापमान उणे बावीस. त्या सामानात त्याचा जुना डेस्कटॉप होता, आणि त्या डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कवर मावशीचा आवाज होता.

मावशी त्याच्या आदल्या वर्षी गेली. ती रोज संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणायची. एकदा सुट्टीत घरी आला असताना त्याने तो रेकॉर्ड करून ठेवला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. नव्या घरात पहिल्या संध्याकाळी आईचा हरिपाठ लावायचा, हे त्याने मनात पक्कं केलं होतं.

त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि इकडे पुण्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ, सात. कॅबिनेट नुकतंच खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं होतं. पत्र्यावर पांढुरका थर धरला होता, बाजूची काच धुरकटली होती. म्हणाला, “दादा, फडक्याने पुसतो आणि लावतो. चालेल ना?”

मी म्हटलं, “अजिबात नाही. आणि प्लग लावला असशील तर आधी काढ.”

आता इथे थोडं विज्ञान सांगतो, कारण श्लोकाचा अर्थ त्यातच आहे.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, ते आपण रोज बघतो. ते पाणी बाटलीतून आलेलं नसतं, खोलीतल्या हवेतलं असतं. खोलीत २१ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण ७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. शून्याच्या खाली असेल तर हिमाचा थर. तिथल्या थंडीत बाहेरून देवळात शिरलं की चष्मा क्षणात पांढरा होतो, तसंच. आपल्याकडे हेच उलट्या बाजूने होतं. मुंबईत पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढा, लेन्सवर लगेच वाफ धरते.

म्हणजे ट्रकमधल्या थंडीने कॉम्प्युटरचं फारसं बिघडत नाही. बऱ्याच डेस्कटॉप हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात दोन वेगळी तापमानं दिलेली असतात. बंद असताना ती उणे ४० अंशांपर्यंत सोसते. चालू असताना मात्र तिला शून्याच्या, काही डिस्कना ५ अंशांच्या वरचं तापमान लागतं. तीच डिस्क, तीच थंडी. बंद असेल तर निभावते, चालवली तर धोका. तासाला तापमान किती अंशांनी बदललेलं चालेल, याचीसुद्धा मर्यादा दिलेली असते.

दवाचंही तसंच. बोर्डावर पाण्याचे बारीक कण जमले म्हणून बोर्ड लगेच मरत नाही. ते कण धुळीत, क्षारांत मिसळतात आणि त्यातून वीज गेली की भलत्या जागा एकमेकींना जोडल्या जातात. नुकसान होतं ते तेव्हा. वीज सोडलीच नाही, तर काही तासांत दव आपोआप उडून जातं. त्याला पुसायला, फुंकायला, हेअर ड्रायरने सुकवायला जावं लागत नाही. ड्रायरने तर एक कोपरा तापतो आणि आतला जाड धातू थंडच राहतो.

आता श्लोकाकडे या. भगवंत काय म्हणाले? संबंध आला की जाणवणारच. दव धरणारच! थंडगार पत्रा उबदार खोलीत आला की त्यावर दव धरू नये, असं कोणी म्हणू शकत नाही. तसं मनाचं आहे. कोणी टोमणा मारला, अप्रेझलमध्ये मनासारखं झालं नाही, ज्याच्यावर जीव लावला त्याने फोन घेणं बंद केलं, तर आत काहीतरी धरतंच. ते धरलं म्हणून तुमची भक्ती कच्ची ठरत नाही. लक्षात घ्या, हा उपदेश ज्याला केला, तो अर्जुन त्या वेळी डोळ्यांत पाणी घेऊन रथात बसला होता. तू रडलासच कसा म्हणून भगवंतांनी त्याला रथातून उतरवलं नाही. हे येतं आणि जातं, एवढंच त्याला दाखवून दिलं. तितिक्षा म्हणजे दव धरूच न देणं नव्हे. दव असेपर्यंत त्यातून वीज जाऊ न देणं म्हणजे तितिक्षा.

आपण नेमकं उलट करतो. राग आला की त्याच मिनिटाला मेसेज टाईप. दुःख झालं की त्याच रात्री स्टेटस. अपमान झाला की पहाटे दोन वाजता राजीनाम्याचा मेल. रागाने नातं तुटत नाही, राग ओला असताना दाबलेल्या बटणाने तुटतं.

मी भावाला प्लग काढायला का सांगितलं, हेही ऐका. कॉम्प्युटर बटणाने बंद केला तरी प्लग लावलेला असेल आणि मागचा स्विच चालू असेल, तर मदरबोर्डवर ५ व्होल्टचा एक पुरवठा सुरूच असतो. स्टँडबाय म्हणतात त्याला. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, आपल्याला वाटतं सगळं शांत आहे. पण आत वीज आहेच. हे वाचून मला तरी थोडं ओशाळायला होतं. तोंडाने काही बोलायचं नाही, चेहरा हसरा ठेवायचा आणि आत मात्र “बघून घेईन” चालू ठेवायचं, ही तितिक्षा नव्हे, हे स्टँडबाय आहे. दव तिथेही नुकसान करतंच. प्लग भिंतीतूनच काढायला हवा. तो कसा काढायचा? आपल्या परंपरेने फार सोपा उपाय दिलाय, नाम. आतल्या बडबडीची जागा नामाने घेतली की तिला पुरवठा कुठून मिळणार?

भाऊ हिरमुसला. “किती वेळ थांबू?” मी म्हटलं, “सकाळपर्यंत.” बाहेरचा पत्रा तासाभरात कोमट लागतो, पण प्रोसेसरवरचा हीटसिंक, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क ही जड मंडळी आतून सावकाश तापतात. हाताला लागतं त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. खरं तर अशी वस्तू खोक्यात, प्लास्टिकमध्ये बंद असतानाच घरात आणून तशीच ठेवावी. मग दव प्लास्टिकच्या बाहेर धरतं, आत येत नाही. पण त्याने खोकं उघडलं होतं, आता फक्त थांबणं हाती होतं.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “दादा, आज ऐकायचा होता रे.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “म्हणूया का आपण?” आणि आम्ही दोघांनी फोनवरच सुरुवात केली. काही अभंग त्याला आठवत होते, काही मला. मध्ये अडलो की पुन्हा मागून म्हणत होतो. चाल मावशीचीच लागली, ठरवावी लागली नाही. त्याच्या लक्षात आलं की लहानपणी अभ्यासाचं पुस्तक समोर धरून तो जे ऐकत होता, ते सगळं आत उतरलेलं आहे. संपल्यावर तो रडला. मीही काही बोललो नाही. दव होतं, धरू दिलं.

दुसऱ्या दिवशी खरं काम सुरू झालं. हा भाग महत्त्वाचा आहे, कारण सोसा म्हटल्यावर लोकांना वाटतं काहीच करायचं नाही. या चौदाव्या श्लोकानंतर चारच श्लोकांनी, अठराव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला युद्ध कर म्हणून सांगतात. आधी स्थिर हो, मग उठ. थांबणं आणि करणं यांत विरोध नाही. थांबलेल्या माणसाचंच करणं नीट होतं.

आधी पॉवर बटण प्लग न लावताच काही सेकंद दाबून धरायला सांगितलं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायला. तिथल्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की गालिच्यावरून चालून दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. तो चटका रॅमला बसला तर महागात पडतो. दुरुस्तीला बसण्याआधी स्वतःच्या अंगावरचा भार जमिनीला देऊन यायचा. घरातलं भांडण मिटवायला जाणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावं.

प्लग लावला, बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळी. इथेच माणूस सैरभैर होतो आणि एकदम दहा गोष्टी बदलतो. आम्ही एकेक करत गेलो. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच लावलीय ना, मदरबोर्डाला नाही ना? बरोबर होती. पुन्हा प्लग काढून पॉवरच्या वायरी दाबून बघितल्या. थंडीत धातू आणि प्लास्टिक कमी-जास्त आकसतात, त्यात ट्रकचे हादरे. नवं काही तुटलेलं नसतं, जुनंच जागेवरून किंचित हललेलं असतं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, एकच नीट दाबून बसवली, दोन्ही बाजूंना खटका ऐकू येईपर्यंत. बटण दाबलं, स्क्रीन उजळली.

आणि स्क्रीनवर आलं काय? बूट होईल असं डिव्हाइस सापडत नाही!

त्याचा चेहरा पांढरा पडला. “गेली, दादा. डिस्क गेली.”

मी म्हटलं, “वर तारीख काय दिसतेय?” तारीख कित्येक वर्षं मागची होती. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग्ज तो सांभाळतो. थंडीत अशा सेलचा दाब उतरतो आणि सेल आधीच जुना असेल तर मदरबोर्ड सगळं विसरतो. कुठली डिस्क आधी बघायची आणि ती कशी वाचायची, हेही त्यात गेलं होतं. डिस्क जागेवरच होती. तिच्याकडे कसं जायचं, ते मदरबोर्ड विसरला होता.

नवा सेल घातला, तारीख लावली, बूटची सेटिंग्ज पूर्वीसारखी केली, कॉम्प्युटर सुरू झाला. डिस्कचा नेहमीचा तो बारीक खरखर आवाज मला फोनवरही ऐकू आला. दुसरं काहीही करण्याआधी त्या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती काढायला लावल्या, एक पेनड्राइव्हवर आणि एक माझ्याकडे. मग त्याने ते लावलं. मावशीचा आवाज, मागे कुकरची शिट्टी, आणि मध्येच तिचं “अरे, बंद कर ते मोबाइल” म्हणणं.

मंडळी, दृष्टान्त ताणायचा नसतो. हार्ड डिस्क म्हणजे आत्मा नव्हे. तीही एक दिवस जाणारच आहे, म्हणून तर दोन प्रती काढल्या. आवाज परत मिळाला म्हणून मावशी परत आली नाही. रेकॉर्डिंग ऐकून भावाचं दुःख त्या दिवशी थोडं हललं आणि काही दिवसांनी पुन्हा आलं. श्लोकात हेच सांगितलंय, येणारं आणि जाणारं. एकदा आलं आणि कायमचं गेलं, असं भगवंत कुठेच म्हणत नाहीत. पण ‘डिस्क गेली’ असं वाटण्याचा तो क्षण मात्र जपून ठेवा. दुःखात आपल्यालाही असंच वाटतं, की देव गेला, श्रद्धा गेली, आता आत काही उरलं नाही. बऱ्याचदा गेलेलं काहीच नसतं. गारठ्यात आपला छोटासा सेल उतरलेला असतो आणि आतल्याकडे जायची वाट आठवेनाशी होते. अशा वेळी स्क्रीनवरचा निरोप वाचून निर्णय घेऊ नये. पुढच्याच, पंधराव्या श्लोकात भगवंत सांगतात की सुख-दुःखात जो सम राहतो, ज्याला ही येणारी-जाणारी डळमळवत नाहीत, तो अमृतत्वाला योग्य होतो. एवढं मोठं फळ, आणि त्याची सुरुवात थंडी सोसण्यापासून!

आजसाठी एक छोटा संकल्प घेऊया. आज दिवसभरात मनावर कुठेतरी दव धरेलच. ऑफिसच्या ग्रुपवर, लोकलच्या गर्दीत, नाहीतर घरी जेवताना. ते धरलं की स्वतःशी एवढंच म्हणा, आत्ता ओलं आहे. पुसू नका, लपवू नका, बटणही दाबू नका. अकरा वेळा नाम घ्या आणि शक्य असेल तर उत्तर उद्या सकाळी द्या. सकाळी मात्र द्याच, कारण सोडून दिलेलं काम म्हणजे तितिक्षा नव्हे. एका वेळी एकच गोष्ट हातात घ्या, जी जागेवरून किंचित हललीय ती नीट बसवा.

आणि ज्यांच्या घरी आई, आजी, आजोबा संध्याकाळी काही म्हणत असतील, त्यांनी आज ते रेकॉर्ड करा. दोन प्रती ठेवा. तिसरी प्रत स्वतः शेजारी बसून, सोबत म्हणून, आत ठेवा. ती थंडीत विसरत नाही.

पांडुरंगा, जे येतं ते येऊ दे, जे जातं ते जाऊ दे. आम्हाला थांबायचं बळ दे, थांबून झाल्यावर उठायचंही दे, आणि गारठलेल्या दिवशी तुझ्याकडे यायची वाट तेवढी विसरू देऊ नकोस.

उद्या पंधरावा श्लोक सविस्तर बघू.

श्रीकृष्णार्पणमस्तु. राम कृष्ण हरी!